जांभ्याच्या पाण्यातले पाहुणे

गोव्यातल्या आमोण्याजवळून वाहणारी मांडवी वर्षातून दोनदा स्वभाव बदलते. खांडोळ्याकडे जाणाऱ्या पुलावरून मे महिन्यात पाहिले तर पाणी संथ आणि हिरवट असते, जुलैत तेच तांबडे होऊन धावत असते. हा झाला डोळ्यांना दिसणारा फरक. माशांना जाणवतो तो चवीतला फरक. समुद्राची भरती या नदीत मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवते. पावसाळा सरला आणि वरून येणारे गोडे पाणी आटले, की खारेपणा महिन्यामहिन्याने नदीत वर सरकतो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात तो पुन्हा खाली, थेट समुद्राकडे ढकलला जातो. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मांडवी-झुआरीच्या या वार्षिक फेऱ्याचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. काळुंदर हा मासा या फेऱ्यात पिढ्यानपिढ्या नांदतो. गोडे, मचूळ, खारट अशी सगळी पाण्ये त्याला चालतात, कारण शरीरातले मीठ सांभाळण्याची त्याची यंत्रणा दोन्ही दिशांनी काम करते.

घरातल्या काचेच्या टाकीत आपण आणतो ते मासे मात्र बहुधा असे नसतात. निऑन टेट्रा, कार्डिनल टेट्रा, डिस्कस, मॉली, मलावी तळ्यातले सिक्लिड यांतला प्रत्येक मासा एका विशिष्ट पाण्यात घडलेला असतो. बाजारात ते शेजारीशेजारी विकले जातात म्हणून त्यांना एकच पाणी मानवेल असे वाटते. आमोण्यासारख्या गावात टाकी ठेवायची असेल, तर सुरुवात माशापासून करू नये. विहिरीला आणि नळाला कोणते पाणी येते ते आधी पाहावे.

डिचोली तालुक्याची जमीन बव्हंशी जांभ्याची. ज्या दगडाचे चिरे काढून गोव्यात घरे बांधतात, तोच हा दगड. लाखो वर्षे मुसळधार पाऊस पडत राहिला आणि मूळ खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम विरघळून वाहून गेले. मागे उरली ती लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे, म्हणूनच जांभा तांबडा. अशा जमिनीतून झिरपून विहिरीत उतरणाऱ्या पाण्याला वाटेत विरघळवायला फारसे काही मिळतच नाही. हे पाणी मृदू, किंचित आम्लधर्मी आणि खनिजांत गरीब असते. साबणाचा फेस भरपूर येतो, पाणी उकळण्याच्या भांड्याला पांढरे कीट धरत नाही.

घाट चढून वर गेले की चित्र उलटे होते. पुणे, अहिल्यानगर, सोलापूर हा सगळा दख्खनच्या काळ्या बेसाल्टचा मुलूख. बेसाल्टमधली खनिजे झिजताना पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट सोडतात. तिथले बोअरवेलचे पाणी कठीण असते, गिझरची कॉइल पांढऱ्या थराने माखते आणि टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीची पांढरी रेघ उमटते. सोलापुरात डिस्कस पाळणारा आणि आमोण्यात मॉली पाळणारा, दोघेही माशांच्या मरतुकीने हैराण झालेले असू शकतात, पण त्यांची दुखणी परस्परविरुद्ध आहेत. एकाचे औषध दुसऱ्याला घातक ठरेल. मासे पाळण्याविषयीचा बहुतेक सल्ला कोणत्या गावच्या पाण्याबद्दल दिला आहे हे सांगितल्याशिवायच फिरत असतो, आणि त्यातून होणारे नुकसान फार मोठे आहे असे मला वाटते.

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानकही इथे उपयोगी पडत नाही. त्यात सामू ६.५ ते ८.५ असावा असे म्हटले आहे. एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रामपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालेल, अशीही सवलत आहे. माणसाच्या पोटाला हा सगळा पल्ला सारखाच. कार्डिनल टेट्राच्या दृष्टीने त्याची दोन टोके म्हणजे दोन वेगळे देश.

याचे कारण माशाच्या कल्ल्यांत आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात समुद्राच्या साधारण एक तृतीयांश मीठ असते आणि बाहेरच्या पाण्यात जवळजवळ नसतेच. त्यामुळे पाणी रात्रंदिवस कल्ल्यांतून आत शिरत राहते आणि मीठ बाहेर निसटत राहते. मासा पाणी पीत नाही. उलट त्याची मूत्रपिंडे भरपूर पातळ मूत्र बाहेर टाकत असतात, आणि कल्ल्यांतल्या खास पेशी बाहेरच्या विरळ पाण्यातून सोडियम आणि क्लोराइडचा एकेक कण ओढून आत घेतात. हे काम जन्मभर चालते आणि त्याला ऊर्जा लागते. कॅल्शियमचे महत्त्व इथेच आहे. पाण्यातले कॅल्शियम कल्ल्यांच्या पेशींमधले सांधे घट्ट ठेवते. ते कमी पडले की सांधे सैल होतात आणि मीठ जास्त वेगाने निसटते. पाणी आम्लधर्मी असेल तर सोडियम आत ओढण्याचे कामही मंदावते. म्हणजे मृदू आणि आम्ल पाण्यात न रुळलेल्या माशाचे मीठ बाहेर जाते झपाट्याने आणि आत येते कमी.

मध्य अमेरिकेच्या किनारी, कठीण आणि प्रसंगी मचूळ पाण्यातली मॉली जांभ्याच्या विहिरीच्या पाण्यात सोडली की हेच घडते. दोनचार दिवस ती बरी दिसते. मग एका जागी तरंगत सगळे अंग थरथरवू लागते, पर मिटून घेते, खाणे सोडते. दुकानदार त्यावर बुरशीचे औषध देतो, टाकी निळी होते आणि मॉली मरते. इथे रोग कुठला नव्हताच, तिचे मीठ संपत होते. चिमूटभर मीठ घातल्याने तिला तात्पुरता आराम पडतो, पण कॅल्शियमची उणीव तशीच राहते.

याच्या अगदी उलट टोकाला कार्डिनल टेट्रा आहे. ब्राझीलमधल्या रिओ नेग्रोच्या खोऱ्यातला हा मासा. त्या नदीचे पाणी पालापाचोळ्याच्या अर्काने चहासारखे काळसर झालेले असते, त्याचा सामू ४ ते ५ आणि खनिजे इतकी कमी की पावसाच्या पाण्याशी तुलना करता यावी. या माशांच्या कल्ल्यांतली सोडियम ओढणारी यंत्रणा विलक्षण तरबेज आहे, आम्लातही ती काम थांबवत नाही. शिवाय पाचोळ्यातून उतरलेली सेंद्रिय आम्ले कल्ल्यांना आधार देतात, असे त्या नदीवरच्या प्रयोगांत दिसले आहे. टाकीत देशी बदामाची वाळलेली पाने घालण्याची जुनी पद्धत म्हणूनच निराधार नाही. कार्डिनलला कठीण पाण्यात जगता येते, पण त्याची अंडी तिथे फळत नाहीत. आमोण्याची विहीर या माशाला जवळजवळ माहेरासारखी आहे.

मग अडचण कुठे येते? मृदू पाण्याची टाकी पहिले काही आठवडे सुंदर चालते आणि एका सकाळी कोसळते. हे कोसळणे समजून घेणे हा या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून थोडा हिशेब करू.

मासा अमोनिया बाहेर टाकतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या क्रियेत आम्ल तयार होते आणि ते शोषून घेण्याचे काम पाण्यातले बायकार्बोनेट करते. टाकी ठेवणारे त्याला केएच म्हणतात. ही पाण्याची गंगाजळी आहे. ती शिल्लक असेपर्यंत सामू हलत नाही आणि ती संपली की एकदम घसरतो. १०० लिटरची टाकी घ्या. विहिरीच्या पाण्याचा केएच १ डिग्री, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात लिटरमागे सुमारे १८ मिलिग्राम, सगळ्या टाकीत मिळून १,८०० मिलिग्राम. अमोनियातल्या १ मिलिग्राम नायट्रोजनचे नायट्रेट होताना यातले साधारण ७ मिलिग्राम खर्ची पडतात. म्हणजे सगळी गंगाजळी फक्त २५० मिलिग्राम नायट्रोजनाला पुरते. आता खाद्याकडे पाहू. माशांच्या दाण्यात ४० टक्के प्रथिने धरली आणि प्रथिनात १६ टक्के नायट्रोजन, तर १ ग्राम दाण्यात ६४ मिलिग्राम नायट्रोजन येतो. त्यातला अर्धा अमोनिया होऊन बाहेर पडतो असे धरले, तर ८ ग्राम दाण्यात गंगाजळी रिकामी होते. रोज अर्धा ग्राम खाद्य पडत असेल तर ही मुदत जेमतेम दोन आठवड्यांची. टाकीत वनस्पती असतील तर त्या अमोनिया थेट खातात आणि मुदत वाढते, पण हिशेबाची दिशा बदलत नाही.

सोलापूरच्या १० डिग्री केएचच्या पाण्यात हीच मुदत दहापट असते. म्हणून तिथल्या अनुभवावरून दिलेला ‘महिन्यातून एकदा पाणी बदला’ हा सल्ला गोव्यात चालत नाही.

सामू ६.५ च्या खाली जाऊ लागला की फिल्टरमधले जिवाणू सुस्तावतात आणि ६ च्या आसपास जवळजवळ थांबतात. अमोनिया साठू लागतो. तरी मासे लगेच मरत नाहीत, कारण आम्ल पाण्यात अमोनियाचे बहुतेक रेणू अमोनियमच्या रूपात असतात आणि ते फारसे विषारी नसतात. पंचवीस अंशांना, सामू ६ असताना विषारी रूपाचा वाटा फक्त ०.०६ टक्के असतो. सामू ७ ला तो अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर जातो आणि ८ ला ५ टक्क्यांच्या पुढे. सहापासून आठपर्यंत जाताना विष नव्वदपटीहून अधिक वाढते.

आता टाकीवाल्याने काय केले ते पाहा. मासे मलूल दिसले, त्याने पट्टी बुडवली, सामू ६ निघाला. पुस्तकात ७ लिहिलेले होते. त्याने चमचाभर खाण्याचा सोडा टाकला. तासाभरात सामू साडेसात-आठच्या घरात गेला, साठलेल्या अमोनियमचा अमोनिया झाला आणि संध्याकाळपर्यंत मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागले. अंगावर जखम नाही, पाणी स्वच्छ. अशी टाकी गेली की दोष नळाच्या पाण्यावर, खाद्यावर किंवा नशिबावर जातो. खरे तर आधी पाणी बदलून अमोनिया कमी करायला हवा होता. रोज पाचवा हिस्सा पाणी, चारपाच दिवस. केएच वाढवायचा तो त्यानंतर.

वाढवायचा तर किती? १०० लिटरला १ डिग्री चढवायला सुमारे ३ ग्राम खाण्याचा सोडा पुरतो. तो बदलीच्या ताज्या पाण्यात विरघळवून घालावा, टाकीत कोरडा टाकू नये, आणि दिवसाला अर्ध्या-एक डिग्रीच्या पुढे जाऊ नये. यापेक्षा शांतपणे काम करणारी वस्तू गोव्याच्या प्रत्येक स्वयंपाकघरातून बाहेर पडते. खुब्यांची आणि तिसऱ्यांची कवचे म्हणजे जवळजवळ शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट. ती घासून, उकळून, उन्हात वाळवून, जाडसर फोडून जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवली, तर पाणी आम्ल होईल तसतशी विरघळतात. सामू साडेसातच्या वर गेला की त्यांचे विरघळणे आपोआप मंदावते. त्यांतून केएचही मिळतो आणि मॉली-गप्पीला हवे असलेले कॅल्शियमही. आमोण्यात मॉली, गप्पी, प्लॅटी किंवा मलावीचे सिक्लिड ठेवणाऱ्याला मी कुठल्याही बाटलीआधी ही पिशवी सांगेन. मलावीच्या माशांना तेवढ्याने पुरत नाही, त्या तळ्याचा सामू ७.७ ते ८.६ असतो. त्यांना मॅग्नेशियम आणि आणखी सोडा लागेल आणि दर वेळी नेमका तेवढाच लागेल. एवढी शिस्त पाळता येणार नसेल तर ते मासे आणू नयेत.

कार्डिनल, रासबोरा, अपिस्टोग्रामा अशा मृदू पाण्यातल्या माशांच्या टाकीत कवचे नकोत. तिथे गंगाजळी राखण्याचा मार्ग एकच: मासे मोजके, खाद्य बेताचे, वनस्पती भरपूर आणि दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी नवे. प्रत्येक नव्या बादलीबरोबर थोडे बायकार्बोनेट आत येते, ते पुरते.

हे नवे पाणी कुठून येते त्यावरही लक्ष हवे. पेडणे, डिचोली, बार्देस या पट्ट्याला दोडामार्ग तालुक्यातल्या तिळारी धरणाचे पाणी कालव्याने मिळते, चांदेल आणि अस्नोड्यासारख्या प्रकल्पांत ते शुद्ध होते. हे पाणी घाटातून आलेले, मुळातच मृदू. पावसाळ्यात त्यात गाळ आला की तुरटी जास्त घालावी लागते, आणि लिटरमागे १ मिलिग्राम तुरटी पाण्यातला साधारण अर्धा मिलिग्राम केएच खाऊन टाकते. त्याची भरपाई प्रकल्पात चुन्याने होते, पण टाकीवाल्याने जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये आपल्या नळाचा केएच स्वतः मोजावा. थेंबांची साधी चाचणी यासाठी पुरते. टीडीएस मीटर एकटा पुरत नाही. त्याला एकूण क्षार किती ते कळते, त्यांत मीठ किती आणि बायकार्बोनेट किती ते कळत नाही.

नळाच्या पाण्यातले क्लोरीन कल्ल्यांची नाजूक त्वचा जाळते. दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीन म्हणजे बहुधा सोडियम थायोसल्फेट, फोटोग्राफीच्या काळोख्या खोलीतला जुना हायपो. पाणी ड्रममध्ये भरून एअर पंप लावून दिवसभर ठेवले तरी साधे क्लोरीन उडून जाते. विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसते, पण त्यालाही हाच दिवस द्यावा. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो आणि प्राणवायू कमी असतो. ताज्या उपसलेल्या पाण्याचा सामू म्हणूनच खोटा वाटावा इतका कमी येतो, आणि रात्रभर हवा मिळाली की वर चढतो. खाणपट्ट्यातल्या विहिरींत विरघळलेले लोहही असू शकते. हवा लागताच त्याची तांबूस साय होऊन तळाशी बसते. ती टाकीत बसण्यापेक्षा ड्रममध्ये बसलेली बरी, कारण तेच कण कल्ल्यांवर बसले तर मासा गुदमरतो.

गोव्याच्या दुकानांतले शोभेचे मासे बरेचदा चेन्नईच्या कोळत्तूरकडून, मुंबईच्या बाजारातून येतात. कोळत्तूर हे देशातले शोभेच्या माशांच्या पैदाशीचे मोठे ठिकाण. असा मासा कितीतरी पिढ्या बोअरच्या पाण्यात वाढलेला असू शकतो. जातीने तो ॲमेझॉनचा, वाढीने तमिळनाडूचा. त्याला एकदम आमोण्याच्या मृदू पाण्यात ओतले तर धक्का बसतो, आणि खनिजे वाढण्याच्या धक्क्यापेक्षा ती एकाएकी घटण्याचा धक्का माशाला जास्त जाचतो. म्हणून दुकानातच पाण्याचा टीडीएस विचारावा, नाहीतर मीटर बरोबर न्यावा. वेगळी छोटी टाकी त्याच आकड्याच्या आसपास तयार ठेवून, तिचे पाणी दोनतीन आठवड्यांत हळूहळू आपल्या पाण्याकडे आणावे.

पिशवीतून काढतानाही एक बारीक गोष्ट सांभाळायची आहे. लांबच्या प्रवासात बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून सामू खाली आलेला असतो, आणि अमोनियाही साठलेला असतो, पण निरुपद्रवी रूपात. पिशवी उघडली की वायू उडतो, सामू चढतो आणि तेच पाणी विषारी होऊ लागते. तासदोन तास नळीने थेंबथेंब पाणी सोडत बसणे हे शेजारच्या दुकानातून आणलेल्या माशाला ठीक आहे. दोन दिवस प्रवास केलेल्याला ते घातक आहे. त्याच्यासाठी तापमान जुळवून घ्यावे, पिशवीतले पाणी टाकून द्यावे आणि त्याला लगेच जुळत्या पाण्यात सोडावे.

उन्हाळ्यात याच्या जोडीला उष्णता येते. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे ८ मिलिग्रामहून थोडा अधिक प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. मे महिन्यात खाद्य निम्मे करावे आणि पंप बंद पडू देऊ नये.

या सगळ्या खटाटोपाला एक पर्याय कुळागरांच्या पाटांत आणि शेतांच्या कडेला पोहत असतो. ॲप्लोकायलस प्रजातीतले छोटे मासे पृष्ठभागालगत राहतात, डोक्यावर चांदीचा ठिपका असतो आणि डासांच्या अळ्या त्यांना फार प्रिय. मलेरियाविरोधी कामात यांतल्या ॲप्लोकायलस ब्लॉकी या जातीची गोव्यातच चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. बांधकामांवरच्या टाक्यांत आणि विहिरींत अळ्या खाण्यासाठी हा इथलाच मासा वापरला गेला. त्याला ना सोडा लागतो, ना कवचांची पिशवी. तरंगत्या वनस्पतींनी झाकलेली उथळ टाकी आणि वर घट्ट झाकण, कारण तो उडी मारतो.

पेथिया सेटनाय हा दुसरा. निळसर झाक असलेला, रुंद काळ्या पट्ट्यांचा दोन इंची मासा. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात काम केलेले छापगर आणि त्यांचे सहकारी साने यांनी १९९२ साली गोव्यातल्या नमुन्यांवरून त्याची नवी जात म्हणून नोंद केली. पश्चिम घाटाच्या स्वच्छ, वाहत्या, मृदू ओढ्यांखेरीज जगात तो कुठेच नाही, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला धोक्याच्या यादीत घातले आहे. आमोण्याच्या नळाचे पाणी ज्या डोंगरांतून येते, तशाच डोंगरांतला हा मासा असल्याने त्याच्यासाठी पाण्यात काहीच मिसळावे लागत नाही. तो ओढ्यातून पकडून मात्र आणू नये. टाकीत पैदास झालेला मिळाला तरच घ्यावा, सहाआठांचा थवा ठेवावा, फिल्टरचा झोत जरा जोराचा ठेवावा आणि पाणी २६ अंशांच्या वर जाऊ देऊ नये.